डावं चाक बी विंगचं

जयप्रकाश जगदाळे हा घाबरट माणूस होता. हे आम्ही त्याच्या पाठीमागे बोलतोय असं समजू नका. तो स्वतःच कबूल करायचा, फक्त आवाज खाली घेऊन, कारण कबूल करायचीही त्याला थोडी भीती वाटायची. कुकरची शिट्टी व्हायला आली की हा गॅलरीत. गॅसचं सिलिंडर बदलायचं तर बायको, मंजुषा, खाली बसून बदलणार आणि हा जिन्यात उभा राहून "झालं का गं?" विचारणार. मंजुषाला त्याची सवय झाली होती. काहींचे नवरे घोरतात, माझा घाबरतो, एवढंच ती म्हणायची.

पण कुकर, सिलिंडर, कुत्री, इनकम टॅक्स ह्या सगळ्यांच्या वर एक भीती होती, ती सासऱ्यांची. शहाजीराव साळुंखे, कोरेगावकडचे, बागायतदार. आता सासरे काही ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मान द्यायचे. "जावईबापू" म्हणून उठून उभे राहायचे आणि भर बैठकीत सांगायचे, "इंजनातलं काय बी असू दे, आमच्या जावयाला इचारा. ऑइल कंपनीत हायती."

जयप्रकाश ऑइल कंपनीत होता, ही गोष्ट अगदी खरी. चेंबूरच्या पुढे कंपनीचं भलंथोरलं ऑफिस होतं आणि त्यात तो रजा विभागात होता. कुणाची किरकोळ रजा किती उरली, कुणाची आजारी रजा डॉक्टरच्या दाखल्याशिवाय गेली, ह्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. ऑइलशी त्याचा संबंध म्हणजे गेटवरच्या बोर्डाचा. लग्नाच्या मांडवात सासऱ्यांनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, तेव्हा ह्याच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या. मुंडावळ्या बांधलेल्या माणसाने उठून "नाही हो, मी रजा मोजतो" असं सांगायचं असतं का? नाही सांगितलं. मग दिवाळीला कुणी पंपाचं विचारी, कुणी मळणीयंत्राचं. जयप्रकाश गंभीर चेहरा करून म्हणे, "ते मशीन बघून ठरवावं लागतं." हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. त्यावर त्याची कितीतरी वर्षं निभावली.

आणि मग मशीनच दारात आलं.

झालं असं की खांदेश्वरला भराव टाकणाऱ्या एका ठेकेदाराचं काम संपलं आणि त्याने आपलं सामान विकायला काढलं. त्यात एक छोटा जपानी ट्रॅक्टर होता, चारही चाकांना जोर असलेला. आपल्याकडे त्या काळी ट्रॅक्टर म्हणजे मागची चाकं ओढणार आणि पुढची नुसती वळणार. ह्याची पुढचीही ओढत. शहाजीरावांना तो भारी आवडला. त्यांनी तो तिथल्या तिथे घेतला, स्वतः चालवत जुईनगरला आणला, सोसायटीच्या आवारात पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावला आणि कपाळाचा घाम पुसत जाहीर केलं, "पुतनीचं लगीन उरकून पुढल्या रविवारी येतो. मग म्यां सोता चालवत घाट चढवून गावाला नेनार. गावात सांगून बी ठेवलंय."

जयप्रकाश म्हणाला, "छान."

"फकस्त एक काम. ह्याच्या फुडच्या चाकांच्या हबात त्याल असतंय म्हनं, येगळं. ते बदलून घ्या. कुठलं घालायचं ते तुमी बघा. आमी काय सांगावं तुमाला?"

आवारात त्या वेळी वॉचमन, भाजीवाली आणि पहिल्या मजल्यावरचे पेडणेकर उभे होते. सगळ्यांनी जयप्रकाशकडे पाहिलं. त्याने ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. चाकाच्या मधोमध लोखंडाचा एक फुगीर डबा होता आणि त्याला एक बूच होतं. हब म्हणजे तोच असावा, असा त्याने अंदाज केला.

"बघतो," तो म्हणाला. ह्या एका शब्दाने माणसं देशोधडीला लागलीत.

दुसऱ्या दिवशी तो कंपनीत वरच्या मजल्यावर गेला. तिथे टेक्निकलचे साहेब बसत. साहेबांची आठवडाभराची रजा जयप्रकाशच्या टेबलावर मंजुरीसाठी पडून होती, त्यामुळे साहेबांनी चहा मागवला. जयप्रकाशने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ट्रॅक्टरच्या पुढच्या हबात कुठलं ऑइल टाकतात?"

साहेबांनी चष्मा काढला. तज्ज्ञ माणसाने चष्मा काढला की समजावं, आपलं काही खरं नाही.

"मॉडेल कुठलं?"

"जपानी."

"जपानी हे मॉडेल नाही, जगदाळे. हबात गिअर आहेत. गिअरला जाड तेल लागतं, नव्वद नंबर. पण काही मॉडेलांत तेच पातळ तेल चालतं जे मागे हायड्रॉलिकला घालतात. पातळ जागी जाड घातलंत तर बेअरिंगपर्यंत पोचत नाही, बेअरिंग जळतं. जाड जागी पातळ घातलंत तर गिअरचे दात झिजतात. शिवाय आत पितळी बुश आहे का? असेल तर काही जाड तेलांतलं गंधक पितळ खातं."

"खातं म्हणजे?"

"हळूहळू खातं. मग एक दिवस चाक जाम."

"कधी?"

"लोड आल्यावर. समजा घाट चढताना."

जयप्रकाशचा चहा तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर घाट आला, घाटात ट्रॅक्टर आला आणि ट्रॅक्टरवर पांढरी टोपी घालून ताठ बसलेले सासरे आले. पुढचं त्याने डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही. नेमकं उत्तर हवं असेल तर मॉडेलच्या माहितीसह विभागप्रमुखांमार्फत लेखी विचारणा करा, असं साहेब म्हणाले. रजा विभागाचे प्रमुख स्वतःच रजेवर होते.

संध्याकाळी घरी येतो तर ट्रॅक्टरभोवती ही गर्दी. पेडणेकर बोटीवर चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झालेले. त्यांनी बूच हातानेच ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "पातळ तेल. डोळे मिटून घाला. आम्ही अर्धी दुनिया पातळ तेलावर फिरवली." हे ए विंगमध्ये राहत. बी विंगचे ऋषी आपटे पॉलिटेक्निकात यंत्रशास्त्र शिकवत. त्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नव्हता, पण खडूने त्यांनी पार्किंगच्या फरशीवर गिअरचा दात काढला, त्यावर बाण काढले आणि सिद्ध केलं की तेल जाडच हवं. पेडणेकर त्या बाणांवर उभे राहिले आणि बोलत राहिले. दोघांत पूर्वीपासून पाण्याच्या टाकीवरून काही होतं, ते ह्या निमित्ताने वर आलं.

"तुमच्या कंपनीचं मत काय?" आपट्यांनी विचारलं.

"विचाराधीन आहे," जयप्रकाश म्हणाला.

मंजुषाने सुचवलं की आत सध्या कुठलं तेल आहे ते बघा आणि तसलंच घाला. सूचना इतकी साधी होती की तिच्यात कुणाला दोष काढता आला नाही. म्हणून करावे गावच्या पोपटला बोलावलं. पोपटचं स्टेशनच्या रस्त्याला स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टर त्याने लांबूनच पाहिलेला, पण तो बिनधास्त माणूस. त्याने खाली घमेलं ठेवलं आणि बूच फिरवलं.

बाहेर आलं ते तेल नव्हतंच. करडं, फेसाळ, ताकात राख कालवल्यासारखं काहीतरी घमेल्यात पडलं. दुसऱ्या हबातूनही तेच. पोपटने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जयप्रकाशने डोळे मिटले.

"खारा हाय," पोपट थुंकून म्हणाला. "खाडीचा पानी गेलाय आतमंदी. तेल हाय पन पानीच जास्त."

"मग आधी कुठलं तेल होतं?"

"ता कसा सांगू? शेट, तेल मंजे तेल. कोनचा पन आना, मी भरतो. चाक फिरला मंजे झाला."

म्हणजे आता हब रिकामे. कालपर्यंत निदान त्यांत काहीतरी होतं, आज काहीच नाही. पोपटने डिझेल ओतून हब आतून धुतले आणि दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून तो निघून गेला. जयप्रकाश बराच वेळ त्या दोन भोकांकडे बघत राहिला. त्याला वाटलं, उद्या सासूबाई विचारतील, तुम्ही ऑइल कंपनीतले ना, मग ह्यांच्या चाकात काय घातलं होतं? जेवणही गेलं नाही.

रात्री फोन वाजला. "जावईबापू, झालं का त्याल?"

"झालं, मामा," जयप्रकाश म्हणाला. दुसरं काही त्याच्या तोंडातून निघेचना.

इकडे सोसायटीत वेगळीच हालचाल चालू होती. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये शेतीचं वाहन उभं करता येतं का, ह्यावर चेअरमन ढवळ्यांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. ढवळे मंत्रालयात कक्ष अधिकारी होते. त्यांच्या मते जगात दोन प्रकारचे प्रश्न असतात, एक जे समितीकडे सोपवता येतात आणि दुसरे जे सोपवायचे राहून गेलेत. सभा खाली पार्किंगमध्येच भरली. कोरम नव्हता, म्हणून ती नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच माणसं बसली होती, पण आता ती कायदेशीर झाली होती.

पार्किंगचा विषय लगेच संपला. ट्रॅक्टर हलवा म्हटलं तर हबात तेल हवं, आणि तेल कुठलं हे ठरल्याशिवाय तो हलणार नाही. त्यामुळे सभा तेलावर आली. आणि काय सांगावं, ज्या सभेत वर्षानुवर्षं जिन्याच्या दिव्यापलीकडे काही झालं नव्हतं, तिथे माणसं तावातावाने बोलू लागली. पेडणेकरांनी पातळ तेलाचा ठराव मांडला. ए विंग उभी राहिली. आपट्यांनी जाड तेलाची उपसूचना मांडली. बी विंग उभी राहिली. तेलात काय असतं हे ज्यांना सांगता आलं नसतं अशी माणसं, "आमच्या विंगला नेहमीच डावललं जातं" म्हणून घसा कोरडा करत होती. हात वर करून मोजणी झाली. समसमान.

"जगदाळे, तुमचं एक मत," कुणीतरी म्हणालं.

सगळी सभा वळली. जाड म्हणावं तर बेअरिंग जळतं, पातळ म्हणावं तर दात झिजतात. आणि काहीही म्हटलं तरी एक अख्खी विंग जन्माची वैरी होणार. "मी तटस्थ राहतो," तो म्हणाला. स्वतःच्याच सासऱ्याच्या ट्रॅक्टरबाबत तटस्थ राहिलेला तो पहिलाच जावई असावा.

तेव्हा ढवळे उठले. अशा क्षणासाठीच त्यांचा जन्म होता. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. त्याचं डावं चाक बी विंगच्या जिन्याकडे होतं आणि उजवं ए विंगच्या. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "ठराव असा की, सदर ट्रॅक्टरच्या पुढील डाव्या चाकाच्या हबात बी विंगने सुचविल्याप्रमाणे जाड तेल, व उजव्या चाकाच्या हबात ए विंगने सुचविल्याप्रमाणे पातळ तेल भरण्यात यावे."

टाळ्या पडल्या. काही महिने एकमेकांशी न बोललेले लोक हातात हात घेऊ लागले. जयप्रकाशलाही हायसं वाटलं. निर्णय आता त्याचा नव्हता, सबंध सोसायटीचा होता. एवढ्या माणसांची मिळून चूक कशी होईल, असं त्याला वाटलं, आणि तो पहिल्यांदाच त्या आठवड्यात हसला.

"होणाऱ्या परिणामांस सोसायटी जबाबदार राहणार नाही," ढवळ्यांनी शेवटची ओळ वाचली. "ठराव एकमताने मंजूर."

शनिवारी पोपटने ठरावाची अंमलबजावणी केली. चाक फिरवून बूच आडवं आणायचं आणि तेल बाहेर येईपर्यंत भरायचं, एवढं पेडणेकर आणि आपटे दोघांनाही मान्य होतं. बाकी दोघं आपापल्या चाकाशी उभे राहिले, दुसऱ्याचं तेल आपल्या बाजूला येऊ नये म्हणून. सगळं पार पडल्यावर जयप्रकाशने आपट्यांना हळूच विचारलं, "दोन्हीकडे वेगवेगळं चालतं ना?"

"थिअरीत तसं कुठे निषिद्ध म्हटलेलं नाही," आपटे म्हणाले. "प्रॅक्टिकल माझा विषय नाही."

तो वर आला तेव्हा मंजुषा गहू निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "समजा एका बाजूचं चाक जाम झालं, तर ट्रॅक्टर त्याच बाजूला ओढला जाईल ना?"

"असेल."

"मग घाट चढताना दरी कुठल्या बाजूला असते हो?"

जयप्रकाशला आठवेना. घाटात एसटी शिरली की तो डोळे मिटून घेत असे. त्याने आठवायचा खूप प्रयत्न केला, कधी दरी ए विंगकडे येई तर कधी बी विंगकडे. घाट वळणावळणाचा, त्यामुळे दोन्हींकडे असायची शक्यता होती. मंजुषाच्या हातातला गहू थांबला होता. ते तिचे वडील होते. तिचे डोळे भरले होते, आणि ते पाहून जयप्रकाशला स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीही क्षणभर मागे पडली.

"सांगा ना हो आबांना," ती म्हणाली. "काय होईल फार तर? मान कमी होईल."

"सांगतो," तो म्हणाला. पण आवाजात काही जोर नव्हता.

रविवारी सकाळी शहाजीराव आले. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. सोसायटी खाली जमली. मंजुषाने ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावलं, ढवळ्यांनी नारळ फोडला. जयप्रकाश तीनदा सासऱ्यांजवळ गेला आणि तीनदा "प्रवास बरा झाला ना?" विचारून परत आला. सासऱ्यांनीही काही घाई केली नाही. त्यांनी एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. पेडणेकरांना बोटीविषयी विचारलं, पोपटला त्याच्या गावाविषयी विचारलं, ढवळ्यांना मंत्रालयाविषयी विचारलं. शेवटी विचारण्यासारखं कुणी उरलं नाही, तेव्हा ते ट्रॅक्टरवर चढले आणि किल्ली फिरवली.

धडधड सुरू झाली. आवार हादरलं. शहाजीरावांनी हात जोडले, गिअर टाकला.

आणि जयप्रकाश ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभा राहिला.

कसा गेला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. जो माणूस शिट्टीला घाबरून गॅलरीत जातो, तो चालू ट्रॅक्टरच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभा होता, आणि तो ओरडत होता. काय ओरडतोय ते गर्दीला ऐकू येत नव्हतं, इंजिनचा आवाजच तेवढा होता. शहाजीराव मात्र पुढे वाकले होते, आणि त्यांना सगळं ऐकू गेलं.

"मामा, जाऊ नका. मला ह्यातलं काही कळत नाही. मी रजा विभागात आहे. लोकांच्या रजा मोजतो. ऑइल मी कधी बघितलेलं नाही. डाव्या चाकात एक तेल आहे आणि उजव्यात दुसरं, आणि कुठलं बरोबर ते कुणालाच माहीत नाही. मी लग्नापासून गप्प बसलो. पण तुम्ही घाटात जाऊ नका, मला फार भीती वाटते."

शहाजीरावांनी इंजिन बंद केलं. ते सावकाश खाली उतरले, जावयाच्या दंडाला धरलं आणि त्याला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. जयप्रकाशने मान खाली घातली. बोलणी बसणार, ती खायची, एवढंच त्याने ठरवलं होतं.

"जावईबापू," शहाजीराव खालच्या आवाजात म्हणाले, "ह्याचं ब्रेक लागत न्हाईत."

"काय?"

"खांदेश्वरास्नं आनतानाच कळलं. चार जागी पाय दाबला, चारी जागी देव आठवला. आठ दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई. लगनात बी अक्षता टाकताना मला घाटच दिसत हुता."

"मग मामा, बोलला का नाही?"

"कुनाला बोलू? सोता चालवत आनतो म्हनून समद्या भावकीला सांगून बसलोय. येशीत हलगी लावून थांबलीत मान्सं. ह्या वयात भ्या वाटतंय म्हनून सांगायचं व्हय?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला वाटलं, तुमी तरी म्हनाल न्हेऊ नका. तुमी म्हनालात, त्याल झालं."

जयप्रकाशला काय वाटलं ते सांगायचं तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला आपले सासरे आवडले. त्याने त्यांचा थरथरणारा हात धरला. त्याचाही थरथरत होता, त्यामुळे कुणाचा किती ते कळत नव्हतं.

मग शहाजीरावांनी टोपी घातली, ती नीट केली आणि गर्दीपुढे येऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "जावईबापू न्हाई म्हनत्यात. चालवत न्यायचा न्हाई, ट्रकात घालून न्यायचा. ऑइल कंपनीचा मानूस हाय, जीव धोक्यात घालून आडवा आला. ऐकाया नको?"

गर्दीत कौतुकाची कुजबुज झाली. पेडणेकर म्हणाले, डावं चाक खराब निघालं असणार. आपटे म्हणाले, डाव्याला काही झालेलं नाही, उजवं बघा. ढवळ्यांनी चौकशी समितीसाठी नावं मागवली. पोपटला त्यात सभासद नसतानाही घेतलं.

तुर्भ्याच्या मार्केटात शहाजीरावांचे गाववाले माथाडी होते. त्यांनी माल टाकून रिकामा परतणारा ट्रक दुपारी पाठवला आणि मातीच्या ढिगाऱ्यावरून ट्रॅक्टर वर चढवून दोरांनी आवळला. जयप्रकाश निरोप द्यायला गेला, तर सासरे केबिनचं दार उघडं धरून उभे होते.

"चला, बसा. भावकी इचारनार, चालवत का न्हाई आनला. म्यां एकटा काय सांगू? चार दिस रजा काढा की. तुमच्याच हातात हाय."

मंजुषाने पिशवी आधीच भरून ठेवली होती.

ट्रक घाटाला लागला. ड्रायव्हर एका हाताने स्टेअरिंग फिरवत दुसऱ्या हाताने तंबाखू मळत होता. पहिलं वळण आलं, मागे ट्रॅक्टर दोरांत करकरला आणि ट्रक एका अंगाला कलला. जयप्रकाशने डोळे मिटले नाहीत, कारण मिटले तर सासऱ्यांना कळेल. मग त्याच्या लक्षात आलं की आता कळलं तरी काही बिघडणार नाही.

"मामा," तो म्हणाला, "मला भीती वाटते."

शहाजीराव समोर बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव चाललं होतं.

"मग हिकडं सरका जरा," ते म्हणाले. "मला बी वाटतीया."

जयप्रकाश सरकला.